टेबलावरची भरती

लवंग साधारण अर्धा इंच लांब असते. एका इंचाला बारा फूट असं प्रमाण धरलं तर ती सहा फुटी माणूस होते. तिला डोकं असतं, डोक्यावर टोपी असते, खाली निमुळतं अंग असतं. म्हणून लवंग म्हणजे टोपीकर, जुन्या लढायांतला गोरा शिपाई, असं आमचे घरमालक काका सांगत आणि माझ्या मसाल्याच्या डब्यातून चिमूटभर टोपीकर उचलून नेत. डोकं पडलेल्या लवंगा मात्र प्रामाणिकपणे परत आणून देत. म्हणत, "हे लढाईत कामी आलेले. यांना आमटीत घाल."

काका आता नाहीत. त्यांची जागा सोडून आम्हालाही काही वर्षं झाली. पण लवंग हातात आली की अजूनही मी आधी तिचं डोकं शाबूत आहे का ते बघते. मी बांधकामांची अंदाजपत्रकं करणारी बाई. किती ब्रास खडी, किती चिरे, किती पोती सिमेंट, यातच माझी सारी नोकरी सरली. उगाच कुणाचं कौतुक करणं मला जमत नाही. पण काकांचं सगळं मापून बघितल्यावरसुद्धा मी तोंडात बोट घालून उभी राहिले आहे, आणि ते एकदा नाही.

रत्नागिरीत त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहत होतो. आमच्या खिडकीतून भाट्याची खाडी समुद्राला मिळते ती जागा दिसे. काका मालवाहू बोटीवर इंजिनाच्या खात्यात होते. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा इतर लोक परफ्यूम आणि टेपरेकॉर्डर आणतात, तसं त्यांनी काही आणलं नाही. त्यांनी एक खेळ आणला. बोटीवरच्या कुणा परदेशी अधिकाऱ्यानं तो त्यांना शिकवला होता. मोठ्या टेबलावर मापात डोंगर, नदी, किल्ला उभा करायचा, दोन बाजूंची छोटी छोटी सैन्यं मांडायची, आणि पाळीपाळीनं, अंतर मोजून, नियमानं लढाई लढायची. "बुद्धिबळच," काका समजावून सांगत, "फक्त पटाला चढउतार असतात, आणि प्याद्याला तहान लागते."

परदेशात यासाठी तयार सैनिक मिळतात, पेट्याच्या पेट्या. काकांनी ते पाहिले होते, विकत एकही घेतला नव्हता. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "विकतचं सैन्य म्हणजे भाडोत्री. ऐन वेळेला पळून जाईल." डिंक आणि रंग सोडला तर टेबलावरची प्रत्येक वस्तू घरातली हवी, हा त्यांचा नियम. घर म्हणजे त्यांचं आणि आमचं, असा अर्थ त्यात आपोआप धरलेला होता.

टेबल म्हणजे जुन्या दाराच्या दोन फळ्या, पडवीत सुतारी घोड्यांवर टाकलेल्या. त्यावर भाट्याच्या खाडीचं तोंड. खाडीच्या आत आपली गलबतं, बाहेर समुद्रात टोपीकरांची तीन मोठी जहाजं. अशी लढाई झाल्याचं कुठं लिहिलेलं नाही, हे काका स्वतःच सांगत. "झालेली लढाई परत काय लढायची? निकाल ठाऊक असतो."

गलबतांची अंगं सुपारीच्या विरीची. झाडावरून गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, पाण्यात भिजवून, मऊ करून, दोन पळ्यांच्या मध्ये दाबून सुकवायची, की होडीचा बाक आपोआप येतो. शिडं काकांच्या जुन्या धोतराची, भाताच्या पेजेत बुडवून कडक केलेली. डोलकाठ्या केरसुणीच्या हिरांच्या. तोफा म्हणजे संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलींची पितळी टोकं. मोठ्या जहाजांना आंब्याच्या पेटीची फळकुटं. आपले खलाशीही हिरांचेच, अर्ध्या इंचापेक्षा किंचित कमी कापलेले, डोक्याला लाल दोऱ्याचे चार वेढे म्हणजे मुंडासं. किंचित कमी का, तर "आपली माणसं टोपीकरांपेक्षा बुटकी होती, खोटं कशाला सांगा?"

काकू म्हणत, "या माणसानं माझ्या घरात मीठ तेवढं शिल्लक ठेवलंय." त्यावर काका म्हणत, "मिठाचं अजून काही सुचलेलं नाही."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लवंग असे. ती मुखशुद्धीसाठी नव्हती. कुठलीही वस्तू आवडली की तिच्याशेजारी लवंग उभी करून बघायचे. "माणूस उभा करून बघितल्याशिवाय घर किती मोठं ते कळत नाही." बँकेत त्यांनी स्टेपलरशेजारी लवंग उभी केलेली मी पाहिली आहे. कॅशियर पैसे मोजायचा थांबला होता. गणपतीत आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा पानात वाढलेल्या मोदकाशेजारी लवंग ठेवली, मान तिरकी करून बघितली, आणि म्हणाले, "सरदाराचा तंबू. कळ्या अशाच पाडत जा, फक्त उंची थोडी कमी कर." मी म्हटलं, "काका, आधी खा." त्यांनी तंबू खाल्ला, दोनदा मागून घेतला, पण लवंग पुसून परत खिशात ठेवली.

"टाकाऊतून टिकाऊ" हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. एकदा कुठल्याशा प्रदर्शनाचे लोक त्यांना बोलवायला आले आणि तेच म्हणाले. काकांनी त्यांना चहा पाजला आणि नकार दिला. मागाहून मला म्हणाले, "टाकाऊ काय असतं? माप बसतं किंवा बसत नाही."

माझी त्यांची खरी ओळख मापावरूनच झाली. आम्ही नवीन राहायला गेलो होतो. त्यांनी खाडीच्या दक्षिणेला, टेकडीवर, एक किल्ला बांधत आणला होता. जांभ्या चिऱ्याचा चुरा, एकेक खडा चिमट्यानं लावलेला. मी उभी राहून बघत होते आणि सवयीनं पायऱ्या मोजत होते. चौदा पायऱ्या, चढ अडीच इंच. मनात गुणाकार झाला आणि तोंडातून निघून गेलं, "काका, या पायऱ्या दोन फुटांच्या वर जातायत. चढणारा माणूस दहा फुटी हवा."

काकांनी खिशातली लवंग काढली. पहिल्या पायरीशी उभी केली. लवंगेला गुडघा असता तर पायरी त्याच्या वर आली असती. त्यांनी ती उचलून परत खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरले तर किल्ला बादलीत होता. सबंध, तटबुरुजांसकट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, पायरी चुकली तर पायरी दुरुस्त करायची. किल्ला कशाला मोडला?"

"जो पायरीला चुकला, तो तटाला चुकला नसेल कशावरून?" बादलीत हात घालून ते खडे धूत होते. रागावलेले नव्हते, उलट खुशीत होते. "इतकी वर्षं माझं हे मापून बघणारं कुणी भेटलं नव्हतं. बस, इष्टिमेट. चहा घे."

तेव्हापासून मी इष्टिमेट झाले. नाव त्यांनी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

हा खेळ एकट्यानं खेळता येत नाही. समोर शत्रू लागतो, आणि चांगला शत्रू मिळणं हे चांगला मित्र मिळण्यापेक्षा कठीण, असं काका म्हणत. त्यांचे शत्रू म्हणजे एक निवृत्त वकील. शाळेपासूनचे सोबती. काका त्यांना "वकिला" म्हणत, ते काकांना "तांडेल" म्हणत. दर शनिवारी अकरा वाजता वकील यायचे, पडवीच्या पायरीशी चपला काढायचे, आणि चपला काढता काढता पहिला प्रश्न विचारायचे, "तांडेल, तिथी कोणती?"

याचं कारण सांगायला हवं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा आडवा पट्टा असतो. ओहोटीला त्यावर गुडघाभर पाणीसुद्धा राहत नाही. आतली होडी बाहेर न्यायची तर भरतीची वाट बघावी लागते. आणि आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथी लागते. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. मग सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती, थोडी मागंपुढं. काकांचा नियम असा, की खऱ्या समुद्रात त्या वेळी जेवढं पाणी, तेवढंच टेबलावरच्या निळ्या रंगात आहे असं धरायचं. घड्याळ भिंतीवरचं, तिथी कॅलेंडरवरची. त्यामुळे काही शनिवारी वकिलांची गलबतं पट्ट्याच्या आत अडकून पडत, आणि ते चहा पीत काकांना शिव्या घालत बसत. "तुझा समुद्र तुझ्यासारखाच हट्टी आहे मेल्या." काकांनी पाणी कधी बोटभर वाढवून दिलं नाही. वकिलांनीही कधी मागितलं नाही.

मोबाइलवर भरतीचं मिनिटापर्यंतचं वेळापत्रक मिळतं, हे मी एकदा दोघांना दाखवलं. वकील म्हणाले, "इष्टिमेटबाई, पाढा पाठ असताना दुसऱ्याला विचारायला कशाला जायचं?"

फाशांऐवजी कवड्या. डाव चालू असला की पडवीतून कवड्यांचा खळखळाट आणि दोन म्हाताऱ्यांची भांडणं वर ऐकू यायची.

मग एका पावसाळ्यात वकील चुकायला लागले. टेबलाच्या कडेला असलेलं जहाज त्यांच्या ध्यानातून सुटायचं. काका चिडवायचे, "झोपलास काय वकिला? डाव्या अंगाला तुझा बाप उभा आहे तोफा घेऊन." वकील हसायचे. तो काचबिंदू होता. त्यात म्हणे आधी बाजूचं दिसेनासं होतं, समोरचं शेवटपर्यंत दिसत राहतं, त्यामुळे माणसाला कळतच नाही. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांचा मुलगा गुहागरला असतो. तो येऊन वडिलांना घेऊन गेला.

डाव अर्धा होता. वकिलांची तीन गलबतं पट्ट्याच्या आत, काकांची जहाजं बाहेर टपून बसलेली. काकांनी टेबलावर जुनी मच्छरदाणी घातली आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

काही महिन्यांनी ते जयगडच्या फेरीबोटीनं गुहागरला जाऊन आले. आल्यावर पायरीवरच बसले. मी विचारलं, "काय म्हणाले वकील?"

"काही नाही म्हणाला. बोलतच नाही तो. मुलगा म्हणाला, घास हातात दिला तर खातात, नाहीतर बसून राहतात." चपला काढत म्हणाले, "हात मांडीवर ठेवून बसलाय. उसने आणून ठेवावेत तसे."

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात काका उभे. डोळ्यांवर पंचा बांधलेला, एक हात भिंतीवर, मागे काकू. "आता एवढंच राहिलं होतं," काकू म्हणाल्या. "सकाळपासून असंच चाललंय. दोनदा आपटले."

"इष्टिमेट, तुझे डबे काढ. नावं सांगू नको."

मी डबे काढले. त्यांनी एकेकात बोटं घातली. रवा बारीक, रवा जाड, मोहरी, साबुदाणा, खसखस. वरईपाशी अडले, दोन बोटांत चोळून सोडून दिली. मग पंचा न सोडता तिथंच खाली बसले. "मी आजवर ही खाडी डोळ्यांनी केली. वकिलाला हिचा काय उपयोग? निळा रंग हाताला कुठं लागतो?"

तेव्हा मला कळलं की ते काय करायला निघाले आहेत.

पहिली खाडी त्यांनी धान्याची केली. खोल पाणी गुळगुळीत, उथळ पाण्याला बारीक रवा, वाळूच्या पट्ट्याला जाडा, खडकांना मोहरी. फार सुरेख झाली. चार दिवसांनी मच्छरदाणी उचलली तर खाडी हलत होती. मुंग्या. काकूंनी कपाळाला हात लावला, आणि काका मात्र मुंग्यांकडे बघत म्हणाले, "माप बरोबर आहे बघ यांचं. घोडदळ." पण खाडी खरवडून काढावी लागली.

दुसऱ्या वेळी त्यांनी भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणली, गोड्या पाण्यात धुतली, वाळवली, आणि घरातल्या सगळ्या चाळण्यांतून चाळली. पिठाच्या चाळणीतून पडेल ती एक, रव्याच्या चाळणीतून पडेल ती दुसरी, वर उरेल ती तिसरी. खाली तेलाचे डबे कापून, ठोकून सपाट केलेला पत्रा. त्यावर खोल पाण्याच्या जागी जुन्या कपाटाचा सनमायका. त्याचा अर्थ, इथं कधीही पाणी असतं. बारीक वाळू म्हणजे अर्ध्या भरतीला पाणी. जाडी वाळू म्हणजे पूर्ण भरतीलाच पाणी. जांभ्याचा खडा म्हणजे कधीच नाही. बोट फिरवलं की खोली कळते.

हात फिरताना जहाजं पडतील, म्हणून बिघडलेल्या फ्रिजच्या दाराची रबरी पट्टी कापून प्रत्येकाच्या तळाला लावली. त्या पट्टीत लोहचुंबक असतो, तो पत्र्याला धरतो. डोलकाठ्या मोडतील, म्हणून त्या जुन्या स्लिपरच्या तुकड्यात रोवल्या. हात लागला की वाकतात, सोडला की उभ्या राहतात. अंतर मोजायला सुतळी, इंचाइंचावर गाठ. आपला खलाशी आणि टोपीकर ओळखायला काही करावं लागलं नाही. एकाच्या डोक्याला दोरा लागतो, दुसऱ्याच्या अंगाला लवंगेचा वास येतो. कवड्या तर होत्याच. कवडी उताणी की पालथी हे बोटाला कळतंच. आणि प्रत्येक नग, प्रत्येक खडक, मच्छरदाणीखाली जिथं होता तिथंच परत ठेवला, सुतळीनं मोजून.

झाल्यावर मला म्हणाले, "डोळे मीट आणि बघ."

मी डोळे मिटून हात ठेवला. खाडीच्या आतल्या गुळगुळीत पाण्यातून बोटं पुढं गेली, बारीक वाळू लागली, मग जाडी, मग पुन्हा गुळगुळीत. म्हणजे समुद्र. उजवीकडे जांभ्याचा कडा. माझ्या खिडकीतून मी ही जागा रोज बघत होते, आणि खाडी इथं उजवीकडे वळून बाहेर पडते हे मला त्या दिवशी बोटांनी सांगितलं. मी डोळे उघडून खिडकीत जाऊन खात्री केली. वळते. मी परत खाली आले. काकांनी विचारलं, "चूक सापडली काय?" मी मान हलवली. नव्हती.

वकिलांच्या मुलाला एका गुरुवारी कामासाठी रत्नागिरीत यायचं होतं. वडिलांना सकाळी तासभर सोडीन, म्हणाला. काकांनी मला हाक मारली.

"त्या दिवशी पौर्णिमा आहे, काय?"

मी कॅलेंडर बघितलं. "एकादशी."

"टेबलावर पौर्णिमा."

मला आधी कळलंच नाही. मग हिशेब लागला. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वकील अकराला येणार. पौर्णिमा असेल तर बरोबर त्याच वेळी खाडी काठोकाठ भरलेली, तीनही गलबतं पट्ट्यावरून बाहेर. एकादशी असेल तर भरती सकाळीच होऊन गेलेली, पाणी उतरत चाललेलं, गलबतं आत बंद.

"काका, तुम्ही? एका पायरीपायी किल्ला मोडलात तुम्ही."

"तो किल्ला होता." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तो एका तासासाठी येणार. त्या तासात त्याला बांधून ठेवलं आणि हरवून पाठवला, तर तो परत यायचा नाही, इष्टिमेट. पुन्हा मांडीवर हात ठेवून बसेल. मी ते हात बघून आलोय. पाणी चढू दे. जिंकू दे त्याला. तू फक्त गप्प बस."

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

वकील आले ते मुलाच्या दंडाला धरून. खूप वाळले होते. मुलानं त्यांना टेबलापाशी खुर्चीत बसवलं, "तासाभरानं येतो बाबा," म्हणाला आणि गेला. काका एकटेच बोलत राहिले. वारा कुठून, जहाजं कुठं, काय काय बदललंय. समोरून एक शब्द नाही. हात मांडीवर. मी दारात उभी होते.

शेवटी काकांनी त्यांचं मनगट धरून उजवा हात टेबलावर ठेवला आणि सोडून दिला.

हात बराच वेळ तसाच पडून राहिला. मग एक बोट हललं. ते सनमायक्यावरून पुढं सरकलं, बारीक वाळूपाशी थांबलं, मागं आलं, परत गेलं. मग दुसरं बोट, मग सगळा पंजा. त्यांना पहिलं गलबत सापडलं. शिडावर अंगठा फिरला, डोलकाठी वाकवून सोडली. दुसरं. तिसरं. डावा हात कधी टेबलावर आला ते मला कळलं नाही. तो पट्टा ओलांडून समुद्रात गेला आणि काकांच्या मोठ्या जहाजावर चढला. दोन बोटांनी एक टोपीकर उपटून त्यांनी नाकाशी धरला.

"लवंग," वकील म्हणाले.

काका खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभे होते.

"तांडेल. तिथी कोणती?"

"पौर्णिमा," काका म्हणाले. आवाज अगदी सरळ होता.

"पंधरा पाऊणे सव्वाअकरा. वाजले किती?"

"अकरा वाजून गेले."

"वा! मग भरतीच आली." वकिलांनी पहिल्या गलबतावर हात ठेवला, सुतळी चाचपली. आणि थांबले. मान किंचित वर केली.

काकांनी सगळ्या गोष्टींचा विचार केला होता. त्या घरातली एकेक वस्तू त्यांनी हाताखालून घातली होती, नाकाखालून घातली होती. फक्त स्वयंपाकघरात स्वयंपाक होतो हे ते विसरले होते. काकूंना या कटातलं काही ठाऊक नव्हतं. आत त्यांनी तुपात जिरं टाकलं होतं, मिरची टाकली होती, आणि आता दाण्याच्या कुटाचा खमंग वास पडवीभर पसरला होता.

"साबुदाण्याची खिचडी," वकील म्हणाले. "पौर्णिमेला?"

"सहज केली असेल," काका म्हणाले.

"तुझी बायको सहज खिचडी करत नाही. चतुर्थीला ती दिवसभर काही खात नाही, चंद्र बघून जेवते. सकाळची खिचडी या घरात एकाच तिथीला होते." आवाज कोर्टातला होता, मी तो कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "इष्टिमेटबाई, दारात तुम्हीच ना? तुम्ही माप चुकत नाही. साक्ष द्या. तिथी कोणती?"

काका माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी त्यांनी जे सांगितलं ते मला पूर्ण कळलं. पण मला खोटा आकडा सांगता येत नाही, आणि समोरच्या माणसाचे दोन्ही हात टेबलावर होते.

"एकादशी," मी म्हटलं.

"अकरा पाऊणे सव्वाआठ!" वकिलांनी टेबलावर थाप मारली. सगळ्या डोलकाठ्या वाकल्या आणि उभ्या राहिल्या. "सव्वाआठलाच भरती होऊन गेली! पाणी उतरतंय! मेल्या, आंधळ्याला भरती विकतोस? डोळे गेलेत माझे, पाढा नाही गेला! शाळेत पाऊणकी चुकायची ती तुझी, माझी नाही!"

काकांनी खुर्चीची पाठ सोडली. मग हळूच म्हणाले, "तुझी गलबतं आत अडकतील, वकिला."

"अडकू देत की. मागं काय अडकली नाहीत?" त्यांनी गलबत पट्ट्याच्या आत, होतं तिथं नीट बसवलं. चुंबकानं टक् करून पत्रा धरला. "पुढची भरती कधी?"

"रात्री साडेआठनंतर."

"मग थांबतो." त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. "मुलगा आला की सांग, उद्या ये म्हणावं. आणि ती खिचडी आण. लिंबू वेगळं आण, पिळून आणू नको."

काका खिचडी आणायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी काकूंनीच बशी आणली आणि मला खुणेनं विचारलं, यांना काय झालं? मी खुणेनंच सांगितलं, काही नाही. वकिलांनी बशी डाव्या हातात धरून स्वतःच्या हातानं खिचडी खाल्ली. उजव्या हाताची तर्जनी वाळूच्या पट्ट्याच्या अलीकडे ठेवलेली होती.

रात्री पाणी चढलं तेव्हा आम्ही सगळेच पडवीत होतो. तीनही गलबतं एकामागून एक पट्ट्यावरून निघाली. काकांनी या वेळी काहीही सोडलं नाही. कवड्या खळखळल्या, दोघं भांडले, आणि वकील हरले. सपाटून हरले, एकही गलबत वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घेऊन आला. वकील पायरीवर बसून पायानं चपला शोधत होते, काका त्या त्यांच्याकडे सरकवत होते. उठता उठता वकिलांनी विचारलं, पौर्णिमा नक्की कधी आहे?

हे मात्र त्यांनी काकांना विचारलं नाही. तोंड वर करून, माडीकडे हाक मारून, मला विचारलं.